कड्याखालचा इंचभर

गाठ सुटता सुटेना. इवाओने रेशमी पिशवीची दोरी आधी नखाने उकरली, मग दोन्ही अंगठ्यांनी ढकलून पाहिली, पण ती आणखीच घट्ट बसली. समोर म्हातारे शिकलगार ओइकावा मांडीवर हात ठेवून बसले होते. शेजारी त्याची थोरली बहीण हात्सुए गुडघे मोडून बसली होती आणि काढून ठेवलेल्या हातमोज्यांच्या घड्या घालत होती. चौतीस वर्षं शाळेत पोरांना हातकाम शिकवलेल्या माणसाला एक गाठ सुटू नये, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

“सावकाश,” ओइकावा म्हणाले. “तलवार कुठे पळून जात नाही.”

“वडील वेगळी गाठ मारायचे. एक टोक ओढलं की सुटायची.”

“मग ही कोणी मारली?”

“मी.”

शेवटी ओइकावांनीच पिशवी जवळ ओढली आणि बांबूच्या काडीने गाठ सैल केली. तोंडात घडीचा कागद धरून, श्वास पात्यावर पडणार नाही असा, त्यांनी साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानातून तलवार हळूहळू उपसली. उत्तरेच्या खिडकीतून नोव्हेंबरचा फिकट उजेड येत होता. त्या उजेडाकडे टोक करून त्यांनी पातं डोळ्यांच्या रेषेत धरलं.

पातं झगझगत होतं. नव्या चमच्यासारखं, मुळापासून टोकापर्यंत एकसारखं. ओइकावांनी ते एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं, खाली कापडावर ठेवलं आणि तोंडातला कागद काढला.

“कोणी केलं हे?”

इवाओच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. याआधी तीन शिकलगारांना देऊन देऊन ते चांगलं गुळगुळीत झालं होतं.

“वडिलांनी. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं हो. घरात कोणी नसताना तलवार काढली आणि घासत बसले. आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता.”

हातमोज्यांची घडी थांबली. हात्सुएने मान वर केली नाही. ती आज पहिल्यांदाच बरोबर आली होती, तेही शिकलगाराला द्यायचा मुराकामीचा वाळवलेला सॅल्मन हा भाऊ कुठेतरी आपटून आणेल म्हणून. आपला भाऊ गावोगाव जाऊन काय सांगत फिरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. इवाओला ते वाक्य निम्म्यावर असतानाच आठवलं. पण वाक्याला लगाम नसतो. सुटलं की ते पुरं होऊनच थांबतं.

खरी गोष्ट साधी होती आणि म्हणूनच सांगायला अवघड होती. दोघांचे वडील तोमेकिची कुसाकाबे हे मुराकामीत पोस्टमन होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही एकच मोलाची वस्तू. दर वर्षअखेरीला ते ती काढत, तोंडात रुमाल धरून जुनं तेल पुसत, नवं लावत, आणि दिव्याजवळ धरून पात्याच्या धारेलगत धुक्यासारखी उमटलेली पांढरी रेघ पोरांना दाखवत. घरात त्या रेघेला लाट म्हणत. “पाचशे वर्षं निघालीय, अजून किनाऱ्याला लागायचीय,” असं ते म्हणायचे. हात्सुएला जवळ बसायची परवानगी होती. इवाओला दाराच्या चौकटीपर्यंत. “तुझे हात घाईचे आहेत,” ते त्याला म्हणाले होते. तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढे तो हातकामाचा मास्तर झाला, पोरांना पॉलिशपेपरचे नंबर चढत्या क्रमाने पाठ करायला लावणारा म्हणून जिल्ह्यात त्याचं नाव झालं, पण ते चार शब्द मनातून गेले नाहीत.

वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांचं मोठं श्राद्ध होतं. तेव्हा तलवार लखलखीत करून फोटोपुढे मांडायची, असं इवाओने ऑगस्टातच ठरवलं. म्यान उघडलं तर पात्यावर तांदळाच्या दाण्याएवढा गंज. त्याने पॉलिशपेपर घेतला. डाग गेला, पण तिथे पांढुरका ढग उरला. ढग घालवायला आजूबाजूला घासलं, तर ढग पसरला. एक मिशी दुसरीच्या बरोबरीची करता करता दोन्ही उडवाव्यात, तसं करत करत त्याने सगळं पातं उतरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. पण सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट ही नव्हती. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट अशी की पुढचे दोन दिवस तो खूश होता. घाईचे हात म्हणे! बघा म्हणावं आता.

तिसऱ्या दिवशी पितरांच्या ओबोन सणाला ताई आली. तिने पातं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “इवाओ, लाट कुठे गेली रे?”

तेव्हा कुठे त्याने पाहिलं. लाट नव्हती.

चांगला शिकलगार शोधायचा म्हणून त्याने मासुहेइ काकाला फोन केला. काका वडिलांचा धाकटा भाऊ, वय चौऱ्याऐंशी, तलवारींवर गावभर बोलणारा माणूस. काकाने विचारलं, “का रे, काय झालं तिला?” आणि इवाओच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं, की बाबांनीच घासली. पलीकडे काका इतका वेळ गप्प राहिला की फोन कट झाला असं वाटलं. मग तो म्हणाला, “दादाने? दादाने स्वतः घासली?” आणि थोड्या वेळाने, “असं होय,” आणि नीइगाताच्या एका शिकलगाराचा पत्ता दिला.

त्या नीइगाताच्या शिकलगाराने यंत्रावर दोन आठवड्यांत आणखी चमकवून द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याने एका श्वासापुरतं पाहिलं, पातं म्यानात घातलं आणि चहा विचारला. तिसरा जरा बरा होता. त्याने सांगितलं, “हे माझ्या हातचं काम नाही. साकाताला ओइकावा आहेत. ते नाही म्हणाले तर मग कोणाकडे जाऊ नका.”

म्हणून आज साकाता.

“वडिलांनी काय वापरलं असेल?” ओइकावांनी विचारलं.

“कल्पना नाही.”

“कागद? पूड? फिरतं चाक?”

“खरंच कल्पना नाही.”

“माझी अडचण समजून घ्या. नुसतं घासलं असेल तर लाट वरून गेली, आत आहे. पण चाक लावून पातं तापवलं असेल तर ती आतूनच मेली. मग मी दोन वर्षं दगड घासत बसलो तरी यायची नाही. हे ठरल्याशिवाय मी हात लावत नाही.” त्यांनी पातं पुन्हा उचललं. पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून, तांब्याचं कडं बसवलेलं होतं. ओइकावांचा अंगठा त्या कड्यावरून फिरला आणि थांबला. “हे चिकट काय आहे?”

इवाओ खालच्या कापडाकडे बघू लागला.

ओइकावांनी नखाने खरवडलं. चिकटपट्टीचा एक पातळ पिवळा धागा निघाला. मग कड्याला डोळा लावून ते म्हणाले, “कडं चरू नये म्हणून पट्टी लावली होती वाटतं. किती सरळ लावलीय. दोन्ही बाजूंनी एका रेषेत.”

ते पुढे काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. नव्वदीच्या आंधळ्या माणसाने अशी सरळ पट्टी कशी लावली, असं त्यांनी विचारलं असतं तर इवाओला निदान वाद तरी घालता आला असता. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली आणि लाकडी हातोडीने टकटक करत कडं सैल केलं. ते सरकून हातात आलं.

कड्याखाली इंचभर जागा वेगळीच होती. तिथवर कागद पोचला नव्हता. निळसर काळं, खोल पाणी असावं तसं पोलाद, आणि पात्याच्या पाठीवर केसाएवढ्या नऊ रेघा, एकीला एक लागून.

ओइकावा ताडकन उठले. कोपऱ्यातल्या बादलीत त्यांनी हात धुतले, पुसले, परत येऊन बसले आणि त्या इंचभर जागेपुढे वाकून नमस्कार केला.

“या माझ्या गुरुजींच्या रेघा,” ते म्हणाले. “कोसेकी गुरुजींच्या. काम पुरं झालं की शिकलगार आपली खूण कड्याखाली ठेवतो. कोणाला दिसत नाही. पुढचा शिकलगार कडं काढेल तेव्हा त्यालाच दिसते. गुरुजींच्या नऊ असायच्या.” त्यांनी पहिल्यांदाच इवाओकडे नीट पाहिलं. “कुसाकाबे. मुराकामीचे. पोस्टात होते का तुमचे वडील?”

“हो,” उत्तर हात्सुएने दिलं.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. गुरुजींच्या दगडाला पाणी देण्याचं काम माझ्याकडे, इथेच साकाताला. बर्फ पडत होतं आणि पोस्टाच्या टोपीतला एक माणूस दारात उभा राहिला. हीच तलवार. तेव्हाही अशीच घासलेली. काथ्याची घासणी आणि भांडी घासायची पूड! पात्यावर ओरखडे असे, की मांजर सोडलं होतं की काय.”

“बाबांनी?” इवाओने विचारलं.

त्याचा जीव भांड्यात पडला, हे कबूल केलंच पाहिजे. म्हणजे बाबांनीही घासली होती! आपण अगदीच खोटं बोललो नव्हतो. थोडं वर्षांचं गणित इकडचं तिकडे, एवढंच; पंचावन्न वर्षांपूर्वी, आपण सात वर्षांचे असताना. त्याने ताईकडे पाहिलंसुद्धा, बघ, अशा नजरेने. ताई ओइकावांकडे पाहत होती.

“गुरुजींनी त्यांना आत बोलावलं,” ओइकावा सांगत होते. “पण ते आत येईनात. बूट काढायच्या आधी, पिशवी उघडायच्या आधी, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, ‘तलवार खराब झालीय आणि ती मी खराब केलीय.’ आणि टोपी काढून तिथेच वाकले. डोक्यावर बर्फ पडतंय. गुरुजी म्हणाले, ‘अहो, आधी आत तर या, मग पाहू कोणी काय केलं ते.’ त्यांनी ते मला पुढे कितीदा तरी सांगितलं. म्हणायचे, ‘शिकलगाराकडे येणारा प्रत्येक माणूस आधी तलवार दाखवतो, मग दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगतो. यानेच तेवढं उलट केलं.’”

ओइकावांची बायको चहा ठेवून गेली. कोणी पेल्याला हात लावला नाही.

“तलवार न्यायला आले तेव्हा गुरुजींनी ती त्यांच्या हातात दिली. यांनी तोंडात रुमाल धरला आणि बघत राहिले. गुरुजी म्हणतायत, ‘काहीतरी बोला, बरी झालीय का?’ आणि हे कसे बोलणार, तोंडात रुमाल!” ओइकावा हसले. मग पातं कापडावर सारखं करत, उगाच बोलल्यासारखं म्हणाले, “म्हणजे त्यांच्या हातून दोनदा झालं म्हणायचं. होतं. डोळे गेले की माणूस बदलतो.”

पळवाट समोर उघडी करून ठेवलेली होती. इवाओने फक्त मान हलवायची होती. ताई काही बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती जन्मभर त्याला सांभाळून घेत आली होती. इथेही घेईल, आणि मग आयुष्यभर त्याच्याकडे पाहताना नजर जरा बाजूला करील. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चारशे नंबरचा कागद,” तो म्हणाला.

ओइकावांनी वर पाहिलं.

“मी केलं. वडील जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. आधी चारशे, मग आठशे, मग पंधराशे. पाणी लावून. मग ड्रिलला नमद्याचं चाक लावून, पितळ घासायचं मलम वापरून. कड्याला पट्टी मीच लावली. आधीच्या तिघांनाही मी वडिलांचंच नाव सांगितलं.” बोलता बोलता त्याने दोन्ही तळवे चटईवर टेकले होते. मान वर करायचं धैर्य होईना, म्हणून तो चटईच्या विणीशीच बोलत राहिला. “मी हातकामाचा मास्तर होतो.”

ओइकावांनी ना सुस्कारा टाकला, ना समजूत घातली.

“चाक किती वेळ?”

“एका जागी दोन-तीन सेकंद. पुढे सरकवत होतो.”

“हात लावून पाहिला होता?”

“दर वेळी. कोमट लागायचं.”

“कोमट म्हणजे?”

“आंघोळीच्या पाण्याइतकं.”

“कोणाच्या आंघोळीच्या? आमच्या हिच्या पाण्यात अंडी शिजतात.”

“आतून ऐकू येतंय मला!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“माझ्या,” इवाओ म्हणाला. “मला जास्त गरम सोसत नाही.”

“मग आशा आहे.”

ओइकावा उतरत्या फरशीवर आपल्या बुटक्या चौरंगावर जाऊन बसले. एका पायाने त्यांनी दगडाची पट्टी दाबून धरली, पात्यावर पाणी ओतलं आणि कड्याच्या जागेच्या वर दोन बोटं एवढाच भाग दगडावर धरला. “खिडकी उघडून बघू,” ते म्हणाले. मग बोलणं बंद. आवाज अगदी बारीक होता, मासा धुवावा तसा. दगड बदलला, पुन्हा पाणी, पुन्हा दगड. शेवटी नखाएवढी दगडाची चकती अंगठ्याखाली धरून ते घासत राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. इवाओचे पाय बधिर झाले होते, पण पाय सैल करायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

“या,” ओइकावा म्हणाले. “ताई, तुम्ही आधी.”

हात्सुएने आपला रुमाल काढला, वडील धरायचे तसाच तोंडात धरला आणि वाकली. वाकलेलीच राहिली. मग रुमाल न काढता तिने भावाला हाताने खूण केली.

चमच्यासारख्या त्या पात्यावर दोन बोटांएवढी खिडकी होती, आणि खिडकीत पुसट, धुक्यासारखी, लाट होती.

इवाओने झटकन मान मागे घेतली. श्वास पडेल ही भीती होती, आणि डोळ्यांचंही काही खरं नव्हतं.

“ऐका,” ओइकावा हात पुसत म्हणाले. “दोनदा झिजलेली तलवार आहे. पात्यात मांस आता एकाच वेळेपुरतं उरलंय. माझ्यानंतर तिला कोणाचा दगड लागता कामा नये. तुमचा तर नाहीच नाही. दीड वर्ष लागेल, कदाचित दोन.”

“श्राद्ध पुढच्या पंधरवड्यात आहे.”

“मग तलवारीशिवाय करा. आणि कड्याखालचा हा इंचभर मी असाच सोडणार. गुरुजींच्या रेघा पुसून माझ्या काढायची माझी हिंमत नाही.”

निघताना दारात हात्सुएने सॅल्मन पुढे केला. ओइकावांनी तो शेपटाला धरून उंच केला, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पोट पुरतं चिरलेलं नाही, पोट फाडून घेणाऱ्या सामुराईची आठवण नको म्हणून. अस्सल मुराकामी. तुमच्याकडे माशालासुद्धा अब्रू असते.” ते सहज बोलले होते. इवाओला ते घरी पोचेपर्यंत पुरलं.

साकाताच्या फलाटावर समुद्रावरचा वारा झोंबत होता. गाडीला वीस मिनिटं होती. हात्सुए बाकावर बसली. भावाला बसायला जागा केली नाही, पण पिशवी मात्र मध्ये ठेवली नाही.

“काकालाही हेच सांगितलंस?”

“हो.”

“आणि बाकीच्यांना?”

“काकाला सांगितलं म्हणजे बाकीच्यांना सांगितलंच.”

ती हसली नाही. “बाबा तुला घाईचे हात म्हणायचे ना,” ती म्हणाली. “मला वाटायचं ते उगाच म्हणतात. जीभही घाईची निघाली तुझी.”

गाडी येईपर्यंत दोघं रुळांकडे बघत बसली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी श्राद्ध झालं. भिक्षूंचं पठण संपलं, ते चहा घेऊन गेले आणि घरची नऊ माणसं जेवायला बसली. भाजलेला सॅल्मन, कंदांची भाजी, गरम साके. भिंतीवर पोस्टाच्या टोपीतला वडिलांचा फोटो होता. फोटोखालची लाकडी घोडी मात्र रिकामीच होती. काकाच्या सुनेच्या ते लक्षात आलं.

“यंदा तलवार मांडली नाही?”

“अगं, ती ओप द्यायला गेलीय,” काका घास गिळत म्हणाला. त्याला ही गोष्ट सांगायचीच होती. सकाळपासून तो तिची वाट पाहत होता. “दादाने शेवटी शेवटी घासून वाट लावली तिची. आपला दादा! वर्षातून एकदाच काढणारा, कोणाला बोट लावू न देणारा! मला तर ऐकून बरं वाटलं हो. खरंच सांगतो. म्हटलं, चला, दादासुद्धा माणूसच होता. त्याच्याही हातून झालं.” त्याने फोटोकडे पाहून पेला उंचावला. डोळे भरले होते त्याचे. “मी तर रोज सांगतो सगळ्यांना.”

सगळ्यांनी माना हलवल्या. बिचारे, कोणीतरी म्हणालं.

हात्सुए भात वाढत होती. ती थांबली नाही, की तिने इवाओकडे पाहिलंही नाही. फक्त जाता जाता त्याच्या पुढ्यातली साकेची सुरई तिने बाजूला सरकवली.

इवाओने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

“काका, बाबांनी नाही केलं,” तो म्हणाला. “मी केलं. गेल्या ऑगस्टात. चारशे, आठशे आणि पंधराशे नंबरच्या कागदाने घासली आणि वर चाक लावलं. तुला फोनवर खोटं सांगितलं. शिकलगारांनाही सांगितलं. बाबांनी तिला कधी वाईट हात लावला नाही.” मग त्याला साकाताची आठवण झाली आणि खोटं बोलायचं नाही हेही आठवलं. “म्हणजे, एकदाच. मी सात वर्षांचा असताना. पण ते त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं.”

सून ताटाकडे बघू लागली. काकाच्या हातातला पेला अजून वरच होता.

“काय सांगितलं होतं?” काकाने विचारलं.

“की मी खराब केली म्हणून. दारातच. आत जायच्याही आधी.”

काकाने पेला खाली ठेवला. तो चटईवर कलंडला, साके सांडली, पण काकाने ती पुसली नाही. आत्तापर्यंत बोलत होता तो माणूस कोणी उठवून नेला असावा आणि तिथे कोणी दुसराच बसवला असावा, असा तो दिसत होता.

“तुझ्याकडे निदान कागद तरी होते,” तो म्हणाला. “माझ्याकडे काथ्याची घासणी होती. आणि भांड्यांची पूड. सासरची माणसं लग्नाचं ठरवायला यायची होती, म्हटलं जरा चमकू दे.”

हात्सुएच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. तिने इवाओकडे पाहिलं.

“मीही गेलो होतो बरोबर, साकाताला,” काका म्हणाला. तो फोटोकडे बघत नव्हता. सांडलेल्या साकेकडे बघत होता. “स्टेशनापर्यंत. तिथून पुढे पाय उचलेना. दादा म्हणाला, बर्फ फार आहे, तू इथेच शेगडीजवळ बस, चहा घे. मी सांगून येतो.”